पाळीची मोजदाद

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी वा लैंगिक आजारांपैकी एखादा तरी आजार होता. आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. आढळलेल्या आजारांत पाळीच्या तक्रारींचा वाटा मोठा होता. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी योजनांना ठाऊक होतं. मूल पोटात नसताना तिला काय होतं, हे कुणी विचारलेलं नव्हतं. बंग यांनी विचारलं, आणि बायका बोलल्या. त्या बोलण्यातूनच पुढे ‘कानोसा’ हे पुस्तक आलं.

त्यानंतरच्या साडेतीन दशकांत पाळी उघड्यावर आली. तिच्यावर सिनेमा निघाला, कर माफ झाला, खटले लढले गेले, मोबाइलमध्ये तिची दिनदर्शिका आली. प्रयोगशाळांमध्येही बरंच काम झालं. या सगळ्यातून नेमकं काय कळलं, कुठे मतभेद आहेत आणि काय अजून मोजलंच गेलेलं नाही, हे क्रमाने पाहण्याचा हा प्रयत्न आहे. माझं एक निरीक्षण आधीच सांगून ठेवते. समाजाची चर्चा शिवाशिवीवरून पॅडवर आली, आणि विज्ञानाची चर्चा गर्भधारणेवरून संप्रेरकांवर. रक्त किती जातं आणि दुखतं किती, हे दोन साधे प्रश्न दोन्हीकडे मागेच राहिले.

बाजूला बसणं

पाळीला पाळी म्हणावं लागू नये म्हणून मराठीने केवढी तजवीज केली आहे! कावळा शिवला, बाहेरची आहे, बाजूला बसली आहे, अडचण आहे, चार दिवस आहेत. माझ्या आजीच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात एक घोंगडी आणि एक तांब्या वेगळा असे. तो तांब्या कुणाचा, असं आम्हां मुलांना कधी विचारावं लागलं नाही.

हेच रक्त पहिल्यांदा आलं की मात्र कौतुक. न्हाण आलं म्हणून मुलीला मखरात बसवायचं, ओटी भरायची, गोडधोड करायचं. पुढच्या महिन्यापासून तीच मुलगी चार दिवस कशालाही शिवायची नाही. ऋषिपंचमीच्या व्रताची कहाणीही पाळीत नकळत झालेल्या शिवाशिवीच्या दोषाभोवती फिरते. मात्र परंपरेचा आवाज एकच होता, असं समजणं चूक ठरेल. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळी हा शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव मानला आणि तिचा विटाळ नाकारला, असं महानुभाव परंपरा सांगते. पुढच्या शतकात सोयराबाईंनी आपल्या अभंगात विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला. देहाची घडणच जर विटाळातून होत असेल, तर सोवळं कोण उरतं, हा त्यांचा प्रश्न होता. जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ या दोन गोष्टी त्या अभंगात एकमेकींपासून सुट्या होत नाहीत.

पाळीवरचा महाराष्ट्रातला पहिला मोठा जाहीर वाद १८९१ चा, संमतिवयाच्या कायद्याचा. विवाहित मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं होतं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की, पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान संस्कार झालाच पाहिजे, आणि कायद्याने तो मोडतो. सरकारने धर्मात हात घालू नये, ही लोकमान्य टिळकांची भूमिका होती. रा. गो. भांडारकर आणि न्या. का. त्र्यं. तेलंग यांनी शास्त्रग्रंथांचाच आधार घेऊन दुसरी बाजू मांडली. महिनेन् महिने वृत्तपत्रांतून मुलींच्या ऋतुप्राप्तीवर पुरुषांनी लिहिलं. ज्या मुलींबद्दल ते चाललं होतं, त्यांचा आवाज त्यात जवळपास नव्हताच.

आज या चालीरीतींचे अर्थ लावणाऱ्यांमध्ये ढोबळमानाने दोन बाजू आहेत. बाजूला बसण्यामुळे बाईला उसंत मिळत होती, धुणं-दळण-पाणी यांतून सुटका होत होती, असं एक बाजू म्हणते. अनेक वयस्क बायका हे स्वतः सांगतात, म्हणून ते उडवून लावता येत नाही. दुसरी बाजू विचारते की, विश्रांतीच द्यायची होती तर बाधेची आणि पापाची भीती कशाला जोडावी? शिवाय ज्या घरात दुसरी बाई नाही, तिथे ही उसंत कुणाला मिळत होती? मला दुसऱ्या बाजूचा प्रश्न अधिक नेमका वाटतो. पण पहिल्या बाजूच्या अनुभवात थकव्याची जी कबुली आहे, ती ऐकून घेण्यासारखी आहे.

विज्ञानालाही विटाळ होता

शास्त्रज्ञ पूर्वग्रहातून सुटलेले होते, असं नाही. व्हिएन्नातले नामांकित बालरोगतज्ज्ञ बेला शिक यांनी १९२० साली एक निबंध लिहिला. पाळी चालू असलेल्या मोलकरणीने हाताळलेली फुलं लवकर कोमेजली, यावरून तिच्या शरीरातून विष बाहेर पडत असावं, असं त्यांनी मांडलं. त्या विषाला नावही दिलं, ‘मेनोटॉक्सिन’. ही कल्पना किती चिवट असावी? १९७० च्या दशकातही वैद्यकीय नियतकालिकांत तिच्यावर पत्रव्यवहार चालू होता.

शिक यांच्याच काळात खरं कामही होत होतं. जपानचे क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिलं की, बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. त्याआधी डॉक्टरांचाही यात गोंधळ होता. १९२९ मध्ये इस्ट्रोजेन गटातलं पहिलं संप्रेरक वेगळं करण्यात आलं, १९३४ मध्ये प्रोजेस्टेरॉन. १९४० साली जे. ई. मार्की यांनी माकडिणींच्या गर्भाशयाचं अस्तर त्यांच्याच डोळ्यांच्या पुढच्या भागात रुजवलं आणि पारदर्शक पडद्यातून पाळी घडताना पाहिली. प्रोजेस्टेरॉन उतरलं की अस्तरातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळतात, अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते गळू लागतं. पाळी म्हणजे ‘खराब रक्त’ बाहेर पडणं ही समजूत आजही घरोघरी आहे. ती खोटी ठरवणारा पुरावा इतका जुना आहे.

मुळात पाळी येतेच कशाला, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. बहुतेक सस्तन माद्यांना पाळी येत नाही. माणूस, काही माकडं, काही वटवाघळं, एलिफंट श्रू आणि काटेरी उंदराची एक जात, एवढीच ही बिरादरी. त्या उंदराची भर तर २०१७ च्या सुमाराची. मार्गी प्रोफेट यांनी १९९३ मध्ये मांडलं की, वीर्याबरोबर येणारे जंतू पाळी धुऊन काढते. बेव्हर्ली स्ट्रासमन यांनी १९९६ मध्ये ते खोडून काढलं. त्यांच्या मते अस्तर सतत तयार ठेवण्यापेक्षा पाडून पुन्हा उभारणं शरीराला स्वस्त पडतं. २०१२ मध्ये तिसरं मत पुढे आलं. इतर प्राण्यांत गर्भ रुजल्यावर अस्तर बदलतं. माणसात ते गर्भाची वाट न पाहता दर महिन्याला आधीच बदलून बसतं. एकदा बदललेलं अस्तर पूर्ववत होत नाही, म्हणून ते पडतं. बरेच संशोधक आज या तिसऱ्या मताकडे झुकलेले आहेत.

स्ट्रासमन यांचं क्षेत्रकाम आपल्याला जवळचं वाटेल असं आहे. मालीतल्या डोगोन समाजात बायका पाळीत गावाबाहेरच्या झोपडीत राहतात. कोण कधी झोपडीत गेली याची दोन वर्षांहून अधिक काळ नोंद ठेवून आणि लघवीतल्या संप्रेरकांशी ती ताडून त्यांनी हिशेब केला. गरोदरपणं आणि अंगावरचं पाजणं यांमुळे तिथल्या बाईला आयुष्यात साधारण १०० पाळ्या येतात. शहरी, कमी मुलांच्या बाईला ४०० च्या आसपास. म्हणजे आपल्या पणजीला आणि आपल्याला आलेल्या पाळ्या मोजायच्या झाल्या, तर तो जवळजवळ दोन वेगळ्या शरीरांचा अनुभव आहे. पाळीच्या चर्चेत पूर्वीचं सगळं नैसर्गिक आणि आताचं बिघडलेलं, किंवा याच्या उलट, असं कुणी म्हणू लागलं की मला हा आकडा आठवतो.

अठ्ठावीस दिवसांची बाई

पाठ्यपुस्तकातलं चक्र २८ दिवसांचं, बीज चौदाव्या दिवशी. हे चित्र मोबाइल ॲपमधल्या नोंदींनी हलवलं. २०१९ साली एका ॲपवरच्या १,२४,६४८ बायकांच्या ६,१२,६१३ चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली २९.३ दिवस, आणि बाईबाईत फरक भरपूर. चक्र लांबतं-आखडतं ते मुख्यतः बीज बाहेर पडण्याआधीच्या भागात. एवढी मोठी मोजणी हाताने कुणाला जमली नसती.

पण हा आरसा कुणाला दाखवतो? स्मार्टफोन असलेल्या, स्वतःहून नोंद ठेवणाऱ्या, बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या बायकांना. अशक्तपणा, अंगमेहनत, लवकर झालेली बाळंतपणं यांचा चक्रावर काय परिणाम होतो, ते यातून कळत नाही. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. अमेरिकेत २०२१ मध्ये ‘फ्लो’ या ॲपला वापरकर्त्यांची माहिती इतर कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून सरकारी आयोगाशी तडजोड करावी लागली. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचं राष्ट्रीय संरक्षण काढून घेतलं, तेव्हा चुकलेल्या पाळीची नोंद पुरावा म्हणून वापरली जाईल या भीतीने अनेकींनी ॲप काढून टाकले.

नोंदींचा उपयोग कसा होतो, याचं चांगलं उदाहरण कोविड लशीचं. लस घेतल्यावर पाळी पुढे गेली, असं जगभर बायका सांगत होत्या. लशींच्या मूळ चाचण्यांत पाळीबद्दल विचारणाच नव्हती, म्हणून उत्तर कुणापाशी नव्हतं. ॲलिसन एडलमन यांच्या गटाने सुमारे ४,००० बायकांच्या ॲपमधल्या नोंदी तपासल्या. चक्र लांबलं होतं, पण सरासरीने एका दिवसाहूनही कमी. बायका खरं बोलत होत्या आणि काळजीचं कारण नव्हतं. चाचणीत एक प्रश्न आधीच घातला असता, तर ही दोन्ही वाक्यं वेळेवर सांगता आली असती. या दुर्लक्षाला इतिहास आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. तो निर्बंध १९९३ मध्ये उठला.

लोकप्रिय समजुतींना धक्काही बसला आहे. एकत्र राहणाऱ्या मुलींच्या पाळ्या जुळतात, हे मार्था मॅक्लिंटॉक यांचं १९७१ चं संशोधन ‘नेचर’मध्ये आलं आणि वसतिगृहांतल्या गप्पांत कायमचं जाऊन बसलं. २००६ मध्ये चीनमधल्या १८६ विद्यार्थिनींच्या नोंदी तपासल्यावर तसं जुळणं आढळलं नाही. वेगवेगळ्या लांबीची चक्रं अधूनमधून एकमेकांवर येणारच, हे गणित आता बहुतेकांना पटलं आहे.

दुखणं किती आणि आजार कधी

या भागात मतभेद सर्वांत खोल आहेत, म्हणून थोडं थांबते.

पाळीआधीच्या चिडचिडीला, रडू येण्याला ‘पीएमएस’ हे नाव कॅथरीना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी १९५३ मध्ये दिलं. तिचं तीव्र रूप, पीएमडीडी, २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत रीतसर आलं. स्त्रीवादी अभ्यासकांपैकी अनेकींनी याला विरोध केला. बाईचा रास्त राग संप्रेरकांच्या खात्यावर टाकायची ही सोय आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला, दर महिन्याला आत्महत्येच्या विचारांपर्यंत जाणाऱ्या बायका म्हणतात की, आजाराचं नाव मिळालं म्हणून उपचार मिळाला. संशोधनाचा कल मधला आहे. अशा बायकांच्या रक्तात संप्रेरकांचं प्रमाण इतरांसारखंच असतं. त्यांच्या नेहमीच्या चढउताराला मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. तो का, हे उलगडतं आहे.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक भलतीकडे वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने तो मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के, म्हणजे १९ कोटी बायकांना असतो. निदानाला वर्षानुवर्षं लागतात, कारण ‘पाळीत दुखायचंच’ हे घरातली बाई सांगते आणि दवाखान्यातला डॉक्टरही. लग्न झालं की थांबेल, मूल झालं की थांबेल, हे उपचार मराठी मुलींनी किती ऐकले असतील!

पीसीओएसचं, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘पीसीओडी’चं, दुखणं उलटं आहे. इथे नाव फार सहज चिकटतं. मुंबईत किशोरवयीन मुलींवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका निकषाने २२.५ टक्के मुलींना हा विकार निघाला, दुसऱ्या निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच. निकष बदलला आणि आजारी मुली निम्म्या झाल्या. पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षं ती अनियमित असणं स्वाभाविक असतं, म्हणून त्या वयात हे निदान सावधपणे करावं, यावर आता तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. शहरातल्या सोनोग्राफी केंद्रांपर्यंत ते कितपत पोचलं, हा वेगळा प्रश्न.

राहिलं रक्त. एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त गेलं तर ते जास्त, ही मर्यादा १९६० च्या दशकातल्या स्वीडनमधल्या अभ्यासातून आली. घरी कुणी मिलिलिटर मोजत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये व्याख्या बदलली. ज्या रक्तस्रावाने बाईच्या रोजच्या जगण्यात अडथळा येतो, तो जास्त. वैद्यकाने इथे प्रथमच मोजपट्टी बाईच्या हाती दिली. साधनांची स्थिती मात्र अशी की, पॅड, टॅम्पॉन, कप यांची धारणक्षमता खऱ्या रक्ताने तपासणारा अभ्यास २०२३ मध्ये आला. तोवर पाणी आणि मिठाच्या पाण्यावर काम भागत होतं. भारतात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी आहेत, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्यांपैकी कितीजणींचं रक्त पाळीवाटे जातं, याचं नेमकं उत्तर आपल्याकडे नाही. लोहाच्या गोळ्या मात्र वाटल्या जातात.

पिशवी काढलेल्या बायका

मोजमाप नसलं की काय होतं, ते बीडमध्ये दिसलं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते. तिला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. पहाटे फडावर, रात्री ट्रक भरणं, पालात राहणं, संडास आणि पाण्याची सोय नाही. २०१९ मध्ये या बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया अवाजवी प्रमाणात होत असल्याच्या बातम्या आल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण १७ टक्के. देशभरात १५ ते ४९ वयातल्या बायकांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही आकड्यांमागचे वयोगट सारखे नाहीत हे धरलं, तरी अंतर मोठंच राहतं.

कारणांबद्दल तीन मतं आहेत. खाडा टळावा म्हणून मुकादमांचा आणि परिस्थितीचा दाब, हे पहिलं. कॅन्सरची भीती घालून पैसे उकळणारी खासगी रुग्णालयं, हे दुसरं. तिसरं मत सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांचं. त्यांच्या मते बायकांचे आजार खरे होते. अंगावरून जाणं, अति रक्तस्राव, ओटीपोटातलं दुखणं यांवर त्या वर्षानुवर्षं फिरत होत्या, आणि गोळ्या, संप्रेरकयुक्त साधनं असे मधले उपाय त्यांच्यासमोर कुणी ठेवलेच नाहीत. राष्ट्रीय सर्वेक्षणातही गर्भाशय काढण्याचं सर्वांत मोठं कारण अति रक्तस्राव किंवा दुखणं हेच आहे, आणि बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत होतात. बीडमध्ये त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. परवानगीमुळे शस्त्रक्रिया कमी होतील. पण ज्या दुखण्यासाठी बाई दवाखान्याची पायरी चढली, त्याचं काय करायचं, याची व्यवस्था उभी राहिल्याचं दिसत नाही.

पॅडची वर्षं

गेल्या दीड दशकात पाळीचं सार्वजनिक चिन्ह पॅड झालं. अरुणाचलम मुरुगनंतम यांचं स्वस्त यंत्र, त्यांची २०१६ ची पद्मश्री, २०१८ चा ‘पॅडमॅन’. त्याच वर्षी महिला दिनाला महाराष्ट्रात ‘अस्मिता’ योजना आली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत आठ पॅड, विक्री बचतगटांमार्फत. जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. १५ ते २४ वयोगटातल्या, ‘स्वच्छ साधनं’ वापरणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१५-१६ मधल्या ५७.६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७७ टक्क्यांवर गेलं. एवढ्या थोड्या वर्षांत एवढा बदल क्वचित दिसतो.

या आकड्याच्या व्याख्येवर मात्र वाद आहे. सर्वेक्षणाच्या ‘स्वच्छ’ यादीत कापड नाही. जवळपास निम्म्या तरुणी कापडही वापरतात. स्वच्छ धुतलेलं, उन्हात कडकडीत वाळवलेलं सुती कापड सुरक्षित असतं, असं कापडी पॅडचा पुरस्कार करणाऱ्या संस्था म्हणतात. सरकारी यंत्रणांचं म्हणणं असं की, तसं धुणं-वाळवणं प्रत्यक्षात होत नाही. साडीखाली, पलंगामागे, ओलसर कोपऱ्यात कापड वाळतं. दोघांचंही खरं आहे. कापडाचा दोष उन्हात न येण्याचा आहे, आणि ते उन्हात येत नाही, कारण लाज.

शाळा बुडण्याचा मुद्दाही असाच. पाळीमुळे २३ टक्के मुली शाळा सोडतात, हा आकडा भाषणांत सर्रास येतो. एका जुन्या पाहणीतून तो उचलला गेला आणि मूळ संदर्भाशिवाय फिरत राहिला. भारतातल्या १३८ अभ्यासांचा आढावा २०१६ मध्ये आला. त्यात साधारण एक चतुर्थांश मुलींनी पाळीत शाळा चुकते असं सांगितलं, आणि निम्म्या मुलींना पहिली पाळी येईपर्यंत पाळीबद्दल माहितीच नव्हती. उलट नेपाळमध्ये हजेरी प्रत्यक्ष मोजली, तेव्हा १८० दिवसांच्या वर्षात पाळीमुळे अर्ध्या दिवसाहूनही कमी गैरहजेरी निघाली, आणि मेन्स्ट्रुअल कप देऊनही फरक पडला नाही. अनेक संशोधक आता हजेरीच्या पलीकडे पाहायला सांगतात. मुलगी वर्गात असते, पण डाग पडेल या धास्तीने फळ्यापाशी उभी राहत नाही. हे हजेरीपटावर कसं येणार?

पॅड वापरून झाल्यावर कुठे जातं, हे पुण्याच्या कचरावेचक बायकांनी विचारलं. ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या सभासद बायकांना रोज दुसऱ्यांचे रक्ताचे पॅड हाताने वेगळे करावे लागतात. कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, ही त्यांची मोहीम. उत्पादकांना वापरलेले पॅड परत पाठवण्याचं आंदोलनही त्यांनी केलं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. अंमलबजावणी प्रत्येकाने आपल्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात पाहावी. कप हा त्यावरचा एक उपाय. तो सुरक्षित असल्याचं २०१९ च्या ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधल्या आढाव्यात दिसतं. केरळात काही पंचायतींनी त्याचा मोठा प्रसार केला. आपल्याकडे कौमार्याच्या कल्पना आणि पाण्याची टंचाई, दोन्ही आडव्या येतात.

रसायनांची नवी शंका आहे. ‘टॉक्सिक्स लिंक’ने २०२२ मध्ये तपासलेल्या भारतीय पॅडमध्ये थॅलेट सापडले. २०२४ मध्ये अमेरिकेत टॅम्पॉनमध्ये शिशासह अनेक धातू आढळले. ते शरीरात किती शोषले जातात, हा खरा प्रश्न, आणि तो खुला आहे.

देऊळ, कुर्माघर, कचेरी

शबरीमला मंदिरात १० ते ५० वयाच्या बायकांना असलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक मतांनी रद्द केली. न्या. चंद्रचूड यांनी पाळीवरून होणारी वगळणूक अस्पृश्यतेच्या जातीची ठरवली. श्रद्धेच्या बाबी तर्काच्या कसोटीवर लावू नयेत, असं विरोधी मत देणाऱ्या न्या. इंदू मल्होत्रा यांचं म्हणणं होतं. पुढे यातले व्यापक प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेले. हा निकाल बायकांच्या रोजच्या देवघरापर्यंत पोचलेला नाही. सणाच्या तोंडावर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आजही शिकल्यासवरल्या घरांतून मागितल्या जातात.

गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांतलं कुर्माघर हा अधिक अवघड प्रसंग आहे. पाळीत बाई गावाबाहेरच्या मोडक्या झोपडीत राहते. तिथे साप, पाऊस, अंधार, सगळं सोसते. काही संस्थांनी या झोपड्यांच्या जागी पक्की घरं बांधली. खाट, संडास, पाणी, सौर दिवा दिला. बायकांचे हाल आज थांबले पाहिजेत, हा त्यांचा युक्तिवाद. समाजबंधसारख्या गटांचा भर प्रथाच सोडण्यासाठी संवाद करण्यावर आहे. घर पक्कं झालं की प्रथाही पक्की होते, ही या बाजूची भीती. नेपाळने तिथल्या अशाच ‘छौपडी’ प्रथेला २०१७ मध्ये कायद्याने गुन्हा ठरवलं, पण गावांतून ती पूर्ण गेली नाही. हे पाहता केवळ बंदीने भागेल असं कुणी म्हणत नाही. गावातल्या बायकांना काय हवं, हे त्यांना आपसांत बोलायला जागा मिळाल्यावरच कळेल. गंमत अशी की, कुर्माघर ही त्यांची अशी एकमेव जागा आहे, असं काहीजणी सांगतात.

पाळीच्या रजेबाबतही बायकांतच दोन तट आहेत. जपानच्या कायद्यात ती १९४७ पासून आहे, पण घेणाऱ्या कर्मचारी एक टक्क्याहून कमी. बिहार सरकारने १९९२ मध्ये महिन्याला दोन दिवस दिले. स्पेनने २०२३ मध्ये कायदा केला. कर्नाटकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षाला १२ पगारी दिवस मंजूर केले, खासगी क्षेत्रातही. रजा सक्तीची केली तर बायकांना नोकरीच कमी मिळेल, अशी शंका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बोलून दाखवली. ज्यांना खरंच दुखतं त्यांनी हा भेदभाव टाळण्यासाठी किती काळ सोसायचं, असं दुसरी बाजू विचारते. ऊसतोड, धुणीभांडी, बांधकाम यांतल्या बायका या चर्चेत येतच नाहीत. त्यांच्याकडे रजेला खाडा म्हणतात.

आणि हे सगळं चालू असताना जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका खासगी शाळेत संडासात रक्त दिसलं म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटक झाली. ज्या पिढीसाठी शाळांत पॅडची यंत्रं बसवली जातात, त्याच पिढीतल्या मुलींवर हा प्रसंग आला.

नोंदीबाहेरचं

खुल्या प्रश्नांची यादी लांब आहे, पण एक गोष्ट मला त्यात वारंवार भेटते. राष्ट्रीय सर्वेक्षणात पाळीला काय वापरता, हा प्रश्न १५ ते २४ वयाच्या बायकांनाच विचारला गेला. म्हणजे पंचविशीनंतरच्या बाईची पाळी या मोजणीबाहेर. बीडच्या फडावर पस्तिशीत पिशवी काढणारी बाई, चाळिशीत महिन्यातून दोनदा रक्त जाणारी शिक्षिका, पाळी जाताना घामाघूम होणारी भाजीवाली, या सगळ्या तिथे नाहीत.

गावोगावच्या आशाताईंच्या रजिस्टरमध्ये पाळीची एक तारीख मात्र आवर्जून असते, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. दिवस गेलेल्या बाईच्या नावापुढे ती लिहितात आणि तिच्यात २८० दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढतात. त्याआधीच्या पाळ्यांसाठी त्या रजिस्टरात रकाना नाही.